अंगठा, काठी आणि पडदा

गेल्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावी कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यावर एक दिवसाचे शिबिर होते. सभागृहात आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटांच्या बायका, चार-दोन ग्रामसेवक आणि शिक्षक. टिपणे मराठीत करण्याचे काम माझ्याकडे होते, म्हणून मीही जाऊन बसले होते. बोलणारी मुलगी पंचविशीतली, नुकतीच सनद मिळालेली वकील. तिने पडद्यावर एक चित्र लावले: पुरुषाचा अंगठा आणि शेजारी तेवढ्याच जाडीची छडी. "आपण उठता-बसता थंब रूल म्हणतो ना, तो शब्द इंग्लंडच्या कायद्यातून आलाय. बायकोला मारायचं तर काठी अंगठ्यापेक्षा जाड नको, असा नियम होता." बायकांमधून हळहळ उमटली. तिसऱ्या रांगेतल्या एका गुरुजींनी तोवर मोबाईल काढला होता. ते उभे राहिले. "मॅडम, असा कायदा कधी नव्हताच. ही दंतकथा आहे, इथं लिहिलंय." मुलगी गडबडली. गुरुजी पुढे म्हणाले, "मग बाकीचंही असंच असेल." सभागृह हसले. माझ्या शेजारी एक बाई सकाळपासून मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद धरून बसली होती. दुपारी वकीलबाईंना दाखवायचे आहेत, असे तिनेच मला सांगितले होते. हशा ओसरेपर्यंत तिने त्या पिशवीची गुंडाळी करून ती आपल्या कापडी पिशवीच्या तळाशी सारली. जेवणानंतर ती दिसली नाही.

थंब रूल म्हणजे ढोबळ अंदाजाचा नियम. त्यावरचा हा वाद नवा नाही. तो जिथे जिथे होतो तिथे असाच होतो. एक जण सांगतो, हा शब्द बायकांच्या पाठीवरच्या वळांतून आला, तो टाकून द्या. दुसरा म्हणतो, ही बनावट गोष्ट आहे, म्हणजे स्त्रियांच्या छळाची तुमची सगळी कैफियतच बनावट. मला दोघांशीही भांडायचे आहे. शब्दाची व्युत्पत्ती सांगताना त्या मुलीचे चुकले, हे आधी स्वच्छ मान्य करते. थंब रूलचा बायकोला मारण्याच्या काठीशी काहीही संबंध नाही. पण गुरुजींची चूक त्याहून मोठी होती. मारण्याचा अधिकार खरा होता, कायद्याच्या पुस्तकात होता आणि न्यायाधीशांच्या तोंडी होता. त्याची जाडी मोजायला अंगठा लागत नव्हता, एवढेच.

आधी शब्दाकडे. जेम्स डरहॅम नावाचे स्कॉटलंडचे एक धर्मोपदेशक १६५८ साली वारले. त्यांची प्रवचने पुढे १६८५ साली छापली गेली. त्यांत ते म्हणतात, पुष्कळ ख्रिस्ती माणसे मूर्ख गवंड्यांसारखी असतात; गुण्या आणि मोजपट्टी घेऊन बांधत नाहीत, अंदाजाने आणि अंगठ्याच्या मापाने बांधतात. आणि लगेच पुस्ती जोडतात, "आपण म्हणतो ना, तसे." म्हणजे त्यांच्या श्रोत्यांना हा वाक्प्रचार तेव्हाच ओळखीचा होता. १६९२ साली विल्यम होप हा तलवारबाजीचा उस्ताद अमुक माणूस शास्त्राने नव्हे, अंगठ्याच्या नियमाने लढतो, असे लिहितो. १७२१ च्या स्कॉटिश म्हणींच्या संग्रहात तर तो म्हण होऊन बसला आहे: नेम लागला तर अंगठ्याच्या मापासारखे माप नाही. या तिन्ही ठिकाणी बायको नाही, काठी नाही, न्यायालय नाही. आहे तो कारागीर आणि त्याचा हात.

मराठी माणसाला तर हे पुराव्याशिवायही पटायला हवे. आपले अख्खे स्वयंपाकघर याच मापांवर चालते. चिमूट, मूठ, ओंजळ, पसा. माझी आजी पातेल्यात तांदूळ धुऊन सपाट करायची, मधले बोट त्यावर उभे टेकवायची आणि पाणी पहिल्या पेरापर्यंत आले की थांबायची. पातेले लहान असो की मोठे, बोट तेच, आणि भात कधी गिचका झाला नाही. आईचे बोट आजीच्या बोटाहून बरेच लांब. तरी तिचाही भात बिघडत नसे. संस्कृतात अंगुळ हे माप, फ्रेंचात अंगठा आणि इंच यांना एकच शब्द, डच भाषेतही तसेच. देह हीच माणसाची पहिली मोजपट्टी. आणि ढोबळ हिशेबाला आपण काय म्हणतो? अंदाजपंचे दाहोदरसे. ज्यांनी जुने पाढे घोकले त्यांना ‘बावीस पंचे दाहोदरसे’ आठवेल. बाविसाच्या जागी कुणीतरी ‘अंदाज’ बसवला आणि पाढ्याची ओळ मराठीचा थंब रूल झाली. या शब्दात कुणाचे रक्त शोधायचे?

इथे एक गोष्ट नोंदवते. काठीची गोष्ट खोडून काढणारे पुष्कळदा दुसरी गोष्ट तितक्याच ठामपणे सांगतात: दारू गाळणारे लोक अंगठा बुडवून उष्णता पाहत, त्यातून हा शब्द आला. त्यालाही पुरावा नाही. एक दंतकथा काढून तिच्या जागी दुसरी बसवणे याला संशोधन म्हणत नाहीत. अंगठा हे माप होते आणि त्यावरून ढोबळ रीतीला ते नाव पडले, इतपतच म्हणता येते आणि तेवढे पुरते.

मग काठी आली कुठून? १७८२ साली इंग्लंडमध्ये सर फ्रान्सिस बुलर या न्यायाधीशाबद्दल बोलले जाऊ लागले की, नवऱ्याने अंगठ्याहून जाड नसलेल्या काठीने बायकोला मारले तर तो गुन्हा नाही, असे ते म्हणाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराने त्यांचे चित्र काढले. न्यायाधीशाच्या झग्यातले बुलर काठ्यांच्या मोळ्या विकायला निघाले आहेत, प्रत्येक काठीच्या टोकाला अंगठा आहे, आणि मागे एक नवरा पळणाऱ्या बायकोवर काठी उगारतो आहे. ‘न्यायमूर्ती अंगठा’ हे नाव त्यांना जन्मभर चिकटले. पण असा निकाल किंवा असे उद्गार कुठल्याही दप्तरात सापडलेले नाहीत. १९व्या शतकात इंग्लंडच्या न्यायाधीशांची चरित्रे लिहिणाऱ्या एडवर्ड फॉस यांनी कसून शोध घेतला, त्यांनाही काही मिळाले नाही. शिवाय हिशेब साधा आहे. बुलर जन्मले १७४६ मध्ये. डरहॅम यांची प्रवचने त्याआधी ६१ वर्षे छापून आली होती.

शब्द आणि काठी यांची गाठ पडली ती बरीच अलीकडे, अमेरिकेत. १९७६ साली डेल मार्टिन यांनी मारहाण सोसणाऱ्या बायकांविषयी लिहिताना जुन्या अमेरिकी निकालांतल्या अंगठ्याचा उल्लेख केला आणि पुढे जोडले की हा म्हणजे अक्षरशः थंब रूलच झाला. ती शब्दावरची कोटी होती, व्युत्पत्ती नव्हती. १९८२ साली अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने मारहाण झालेल्या स्त्रियांना न्याययंत्रणा कशी वागवते यावर अहवाल काढला आणि त्याच्या शीर्षकातच हा शब्द घातला. तिथून पुढे कोटीचा इतिहास झाला. १९९४ साली तिचा फोलपणा जाहीरपणे दाखवून दिला गेला, आणि तेव्हापासून ‘बघा, या बायका खोटे सांगतात’ म्हणणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत आले.

हा शब्द टाकावा म्हणणाऱ्यांचा सर्वात सबळ मुद्दा मला मान्य आहे. ते म्हणतात, व्युत्पत्ती खरी असो की खोटी, आज ऐकणाऱ्या बाईला त्यात काठी दिसत असेल, तर तिच्यासमोर तो वापरायचा कशाला? एखाद्या पीडित बाईशी बोलताना मीही तो वापरणार नाही. पण ती काठी तिथे ठेवली कुणी? शब्दाने नाही, आपल्या सांगण्याने. जी जखम आपण सांगून निर्माण केली, ती खरे सांगून पुसताही येते. आणि भाषेत हिंसा असतेच, हेही मान्य. पण ती कुठे असते? "हातात बांगड्या भरल्यात का?" असे कुणी पुरुषाला विचारतो तेव्हा बाई असणे हीच शिवी असते. "पायातली वहाण पायातच बरी" हे सुनेबद्दल बोलले जाते तेव्हा कुणाला कोश उघडावा लागत नाही. बोलणाऱ्याला अर्थ ठाऊक, ऐकणारीलाही ठाऊक. शब्दाचा अपराध मोजायचा तो असा, उघड्या अर्थावरून. ज्या शब्दातला अपमान समजून घ्यायला आधी व्याख्यान ऐकावे लागते, त्याच्यावर शक्ती खर्च करायची आणि बांगड्यांवर हसायचे, हा कसला न्याय?

काही सुज्ञ माणसे म्हणतील, नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, तसे शब्दाचेही शोधू नये. मला हे पटत नाही. शोधावे, पण मुळापर्यंत जावे. अर्ध्या वाटेवर सोयीचा झरा दिसला म्हणून तिथेच थांबू नये. गुरुजींचे नेमके तेच झाले. असा कायदा नव्हता, इतके वाचून ते उठले. आणखी चार ओळी वाचल्या असत्या तर त्यांना बसावे लागले असते.

कारण त्या चार ओळींत ब्लॅकस्टोन आहे. ब्रिटिश कायद्याचा पाठ ज्याच्या ग्रंथावरून पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला, तो विल्यम ब्लॅकस्टोन १७६५ साली लिहितो: जुन्या कायद्याप्रमाणे नवऱ्याला बायकोची ‘माफक’ शिक्षा करून तिला वळण लावता येत असे, कारण तिच्या वर्तनाबद्दल तो जबाबदार; जसे मालकाला शिकाऊ उमेदवाराचे आणि बापाला मुलांचे. पुढे तो म्हणतो की दुसऱ्या चार्ल्सच्या काळापासून या अधिकाराबद्दल शंका घेतली जाऊ लागली, पण खालच्या थरातले लोक आपला जुना हक्क अजून बजावतात. अंगठा या मजकुरात कुठेच नाही. पण ‘माफक’ आहे, आणि तोच शब्द जास्त भयंकर आहे. अंगठ्याचे माप निदान ठरलेले असते. माफक किती, हे कोण ठरवणार? मारणारा.

आणि अमेरिकेतल्या निकालांत अंगठाही आहे. १८२४ साली मिसिसिपीच्या न्यायालयाने बुलर यांच्या नावावरची गोष्ट आठवून, निकडीच्या प्रसंगी नवऱ्याला बायकोला माफक शिक्षा करता येते, असे म्हटले. १८६८ साली नॉर्थ कॅरोलायनात ऱ्होड्स नावाच्या माणसाने बायकोला बोटाएवढ्या जाडीच्या छडीने तीन फटके मारले. कारण काय? ती काहीतरी बोलली. काय बोलली, ते साक्षीदाराला आठवले नाही. खालच्या न्यायाधीशाने सांगितले, छडी अंगठ्याहून जाड नव्हती, तेव्हा नवऱ्याला तो अधिकार होता. म्हणजे ज्यांना वाटते की अंगठ्याची गोष्ट हवेतून आली, त्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे. वरच्या न्यायालयाने अंगठ्याचे माप झिडकारले. छडीची जाडी नव्हे, इजा पाहावी, असे म्हटले. पण ऱ्होड्सला सोडूनच दिले. क्षुल्लक बाबतीत घराच्या कारभारात न्यायालय पडणार नाही, हे कारण.

सहा वर्षांनी त्याच राज्यात ऑलिव्हरचा खटला आला. हा नवरा सकाळी दारू पिऊन आला, न्याहारीवरून बिनसले, बाहेर जाऊन दोन फांद्या तोडून आणल्या. जाड होती ती करंगळीच्या निम्मी, पानेही तशीच. त्याने तिला पाच फटके मारले, दंडावर वळ उठले आणि ते पंधरा दिवस राहिले. १८७४ चे न्यायालय म्हणाले, अंगठ्याएवढ्या छडीने बायकोला मारण्याचा जुना सिद्धांत नॉर्थ कॅरोलायनात कायदा नाही. नवऱ्याला मारण्याचा कसलाच अधिकार नाही. ऑलिव्हरची शिक्षा कायम झाली. इथवर वाचून माणसाला बरे वाटते. पण त्याच निकालात पुढे असे आहे की, कायमची इजा झाली नसेल, द्वेष किंवा क्रौर्य नसेल, तर पडदा ओढून घ्यावा, लोकांची नजर बाहेर ठेवावी आणि नवरा-बायकोला विसरायला आणि माफ करायला सोडून द्यावे, हेच बरे.

माझे सगळे म्हणणे या पडद्याशी येऊन थांबते. ज्या निकालाने अंगठा मोडला त्यानेच पडदा ओढला. आणि काठी मोडली तरी पडदा टिकला. आपल्याकडे त्याला दुसरी नावे आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. भांड्याला भांडे लागणारच. घरातले घरात. पोलीस ठाण्यात गेलेल्या बाईला अजूनही "घरी जा, बोलून मिटवा" हे ऐकावे लागते, तेव्हा तिच्या तोंडावर तोच पडदा ओढलेला असतो. १९८३ साली दिल्ली उच्च न्यायालयाने राज्यघटनेला घरात आणणे म्हणजे काचसामानाच्या दुकानात बैल सोडणे, असे म्हटले. ते वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा ऑलिव्हरच्या बायकोचे दंड डोळ्यांपुढे आले. फुटते ती काच कुणाची?

खोटा पुरावा टाकला तर स्त्रियांची बाजू लंगडी पडेल, ही भीती ज्यांना वाटते, त्यांनी १८७८ चे इंग्लंड पाहावे. फ्रान्सिस पॉवर कॉब यांनी त्या वर्षी बायकांच्या छळावर लेख लिहिला. त्यात काय होते? पोलीस कोर्टांच्या बातम्या, खटल्यांची माहिती, कुठल्या गावात कुणी बायकोला कशाने तुडवले याच्या नोंदी. अंगठ्याची गरज त्यांना पडली नाही. त्याच वर्षी कायदा झाला आणि गंभीर मारहाणीबद्दल नवऱ्याला शिक्षा झाली तर बायकोला वेगळे राहण्याची आणि पोटगीची सोय मिळाली. साध्या, तपासता येणाऱ्या नोंदींमध्ये जोर असतो, कारण मोबाईल काढून त्या कुणाला खोडता येत नाहीत.

नवरा-बायकोबद्दलचा इंग्लंडचा कायदा आपल्याशी संबंध ठेवून आहे, आणि तो संबंध सांगायला शब्दाची व्युत्पत्ती लागत नाही. मुंबईच्या रखमाबाई पुरेशा आहेत. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी सासरी जायला तयार नव्हती. १८८४ साली नवरा दादाजी भिकाजी यांनी दांपत्यहक्काच्या पुनःस्थापनेसाठी, म्हणजे बायकोला नांदायला पाठवा म्हणून, दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. हा दावा इंग्लंडात विशिष्ट परिस्थितीत जन्मला आणि तिथून इथे आणून लावला गेला, हिंदू धर्मशास्त्रात त्याला आधार नाही, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. अपिलात ते टिकले नाही. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करीन असे सांगितले. ध्यानात घ्या, इंग्लंडात या नकारासाठीची कैद १८८४ मध्येच रद्द झाली होती. मालकाने स्वतःच्या घरी टाकून दिलेली काठी मुंबईत वापरात होती. आणि तिचे समर्थन करायला आपले मोठे मोठे लोक पुढे होते, टिळकही होते. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या.

माझा प्रश्न शब्दशुद्धी करणाऱ्यांना आणि दंतकथा खोडणाऱ्यांना, दोघांनाही आहे. हे सगळे समोर असताना तुम्ही अंगठ्यावर का भांडता? इंग्लंडने दांपत्यहक्काचा हा दावा १९७० साली कायद्यातूनच काढून टाकला. आपल्याकडे तो हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही आहे. मान्य, आता तो नवऱ्यालाही लागतो आणि बायकोलाही. तुरुंग नाही, मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. पण जिच्या नावावर घर नाही, शेत नाही, आणि जिला परत त्याच दारात जायचे आहे, तिच्यासाठी ही बरोबरी किती खरी? १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले होते. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. २०२४ मध्ये दंडसंहितेचे नाव बदलले, कलमांचे क्रमांक बदलले, पण सज्ञान बायकोवर नवऱ्याने केलेला बलात्कार हा बलात्कार नव्हे, हा अपवाद जसाच्या तसा नव्या संहितेत आला. इंग्लंडच्या न्यायालयाने तो १९९१ मध्येच मोडीत काढला आहे.

रखमाबाई २५ सप्टेंबर १९५५ रोजी गेल्या. हिंदू विवाह कायदा त्याच वर्षीच्या मे महिन्यात आला होता, कलम ९ सकट. ज्या दाव्याशी झगडण्यात त्यांची विशी गेली, तो स्वतंत्र देशाच्या संसदेने पुन्हा लिहून ठेवला तेव्हा त्या नव्वदीच्या होत्या आणि हयात होत्या.

शिबिरानंतर त्या वकील मुलीचा मला फोन आला. आवाज पडलेला होता. अंगठ्याचे चित्र तिने काढून टाकले होते, त्या जागी काय लावू, असे विचारत होती. मी तिला १८७४ चे पडद्याचे वाक्य मराठीत करून पाठवले, आणि रखमाबाईंच्या तारखा. तिने दुसरी गोष्ट विचारली: ती पिशवीवाली बाई कुठल्या गावची होती? मला ठाऊक नव्हते. त्या दिवशी हजेरीचा कागद आशाताईंकडे होता. त्या वाडी-वस्तीवर विचारून सांगते म्हणाल्या आहेत.